सुगरणीनं घरटं उसवलं

आमच्या घरात दोन माग होते आणि वाजायचा एकच. साखर पेठेत त्या काळी सकाळी नुसता कान दिला तरी कुणाच्या घरी काय चाललंय ते कळायचं. माग वाजत नाही म्हणजे घरात आजारपण तरी आहे, सुतक तरी आहे, नाहीतर सूत संपलंय. आमच्याकडं यातलं काहीच नव्हतं. आमच्याकडं अप्पा होते. अप्पा म्हणजे माझे वडील. पद्मशाली विणकराच्या पोटी जन्म घेऊन मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, ते सोडून हा माणूस मूकपटाच्या थेटरात मशीनचा दांडा फिरवायला गेला. "हात तोच, मेहनत तीच, फक्त लुगड्याऐवजी चित्र निघतं," असं ते म्हणायचे. ताता, म्हणजे माझे आजोबा, हे ऐकलं की आडवं सूत नेणारा धोटा असा मारायचे की तो मागातून सुटून भिंतीवर आपटायचा. मग मी पळत जाऊन तो आणून द्यायची. दिवसातून दोनतीनदा तरी हे व्हायचंच, इतकं अप्पांना ते वाक्य आवडायचं.

पुढं बोलपट आले. थेटरात नवं मशीन आलं, त्याच्याबरोबर मुंबईचा नवा माणूस आला, आणि मालकानं अप्पांना नारळ दिला. वर जुनं मशीनही देऊन टाकलं, कारण ते भंगारवालासुद्धा नेईना. हातगाडीवरून ते आमच्या दारात आलं तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. अप्पांनी चौघांना हात लावायला सांगून ते बंद पडलेल्या मागावर चढवलं आणि वरून अम्माचं, म्हणजे माझ्या आईचं, जुनं लुगडं पांघरलं. ताता आपल्या मागावरून बघत होते.

"मागाच्या उरावर सवत आणून बसवलीस," ते म्हणाले.

"सवत कुठली नायना? पाहुणी आहे ती."

"पाहुणी जेवून जाते. ही कधी जाणार?"

घरात आम्ही सगळे तेलुगूच बोलत असू, नायना म्हणजे बाबा. इथं मी सगळ्यांना मराठीत बोलायला लावलंय, तर ताता वर स्वर्गात कपाळाला हात लावून बसले असतील. त्यांचा नेमच होता, रागावले की तेलुगूत बोलायचे आणि फार रागावले की मराठीत. अम्मा अक्कलकोटाकडची. तिला तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही येत आणि ती रागावली की तिन्हींतलं एकही बोलायची नाही. दिवसभर चरख्यापुढं बसून ती तातांच्या मागासाठी कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची बारीक नळी. सकाळी शाळेत जायच्या आधी मीही भरायची. माझ्या कांड्या ढिल्या होत, ताता त्या परत फेकत, मी पुन्हा भरत असे, आणि मधल्या वेळात कडक भाकरी शेंगांच्या चटणीबरोबर खात असे. चटणी सुताला लागली की दोघंही ओरडायचे. ती लाल चटणी आठवली तरी अजून तोंडाला पाणी सुटतं. आता सून करते ती चटणी चांगलीच असते, पण तिच्यात सुताचे तंतू नसतात, काय करणार.

सगळा घोळ सुरू केला तो आमच्या शाळेतल्या कोंबडीनं. त्या दिवसांत वस्तुपाठाचं फार खूळ होतं. मुलांना पुस्तकातून सांगायचं नाही, वस्तू समोर ठेवून शिकवायचं. आमच्या मुलींच्या शाळेत गोदूबाई म्हणून बाई होत्या, ठेंगण्या, गोऱ्या, आणि हुकूम आला की तो अक्षरशः पाळणाऱ्या. 'मीठ' या पाठाला त्यांनी मीठ आणलं, 'दोर' या पाठाला दोर आणला, आणि 'पक्षी' या पाठाला शेजारणीची कोंबडी आणली. ती कोंबडी बाईंच्या काखेतून सुटली ती थेट पहिल्या बाकावर, तिथून शाईच्या दौतींवर, तिथून भिंतीवरच्या नकाशावर. सगळ्या हिंदुस्थानावर कोंबडीची निळी पावलं उमटली. आम्ही हसून हसून बाकांखाली पडलो. बाई मात्र रडकुंडीला आल्या, कारण श्रावणात डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार होते आणि त्यांनी नेमका 'पक्षी' हाच पाठ बघायचा म्हणून कळवलं होतं.

"पक्षी एका जागी बसेल का गं?" बाई नकाशा पुसत म्हणाल्या. "आणि मेलेला आणून ठेवला तर तो उडतो कसा ते कसं दाखवू?"

मी उभी राहिले. मला कुणी विचारलं नव्हतं, पण तेव्हाही मला ती सवय नव्हती, की विचारल्यावरच बोलावं. म्हटलं, "बाई, आमच्या अप्पांकडं हलणारे पक्षी आहेत."

अप्पांकडं हलणारे पक्षी नव्हते. थेटरातून मशीनबरोबर आलेल्या तुकड्यांच्या पेटीत कुठल्यातरी परदेशी फितीचा चारपाच हातांचा एक तुकडा होता, त्यात एक करडा पक्षी पांढऱ्या जमिनीवर चालायचा. बाई घरी आल्या तेव्हा अप्पांनी तो तुकडा दाखवला. माझ्या वर्गातल्या पाचसहा जणीही मागून आल्या होत्या. भिंतीवर तळहाताएवढा पक्षी चालू लागला तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला, आणि मग माझी मैत्रीण रुक्मी म्हणाली, "ह्यो जिनिंगात कशाला शिरलाय? समदा कापूस घाण करतोय की!" पांढरं आणि मऊ म्हणजे कापूस, गिरण्यांच्या गावातल्या पोरींना दुसरं काय सुचणार? बर्फ म्हणजे काय हे बाईंनी समजावून सांगितलं. रुक्मीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असंल. पन त्येनं कापूस घाण केलाच."

त्या रात्री जेवताना अप्पा एकदम म्हणाले, "आपलेच पक्षी काढायचे. फितीवर. हातानं."

त्यांची युक्ती अशी: जुन्या फिती सोड्याच्या पाण्यात भिजवून चोळल्या की चित्र धुऊन जातं आणि काचेसारखी पट्टी उरते. तिच्या एकेका चौकोनी घरात शाईनं पक्षी काढायचा, दर घरात पंख थोडा वर, थोडा वर. मग पट्टीचं टोक टोकाला जोडून तिचं कडं करायचं. कडं मशीनमधून फिरत राहणार आणि पक्षी उडत राहणार. तो पाठ डिप्टीसाहेबांना पसंत पडला, तर गोदूबाई म्हणत होत्या तसं, अप्पांना मशीन घेऊन शाळाशाळांतून पक्षी दाखवायचं काम मिळणार होतं.

ताता अंबाडीच्या भाजीशी भाकरी खात होते. त्यांनी घास चावून संपवला. "आणि नाही पसंत पडला तर?"

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"नाही पसंत पडला तर ही पाहुणी बाजारात जाईल आणि तू मागावर बसशील. बोल. देवापुढं बोल."

अप्पा देवापुढं बोलले. अम्मानं भाकरी थापायची थांबवली नाही, पण तिनं माझ्याकडं बघितलं आणि ते बघणं मला नीट कळलं. अप्पा मागावर बसले की दोन मागांना कांड्या लागणार. एकट्या अम्माच्यानं ते होणार नाही, म्हणजे लच्चीची शाळा बंद. लच्ची म्हणजे मी. माझ्याबरोबरीच्या गल्लीतल्या सगळ्या मुली एव्हाना चरख्यापुढं बसल्याही होत्या. मला शाळा फार आवडायची, खोटं कशाला सांगू, अभ्यासापेक्षा तिथं बडबड करायला मिळते म्हणून जास्त आवडायची. पण आवडायची, आणि ती आता एका पक्ष्याच्या शेपटीला लटकली होती.

अप्पांनी दुसऱ्याच दिवशी पोपट काढायला घेतला. अप्पांच्या अंगात बरेच गुण होते, चित्रकला त्यात नव्हती. ते पाठ वळवून बसले होते तरी तातांचा माग हळूहळू मंदावत गेला. शेवटी थांबलाच. ताता उठले, अप्पांच्या मागं येऊन उभे राहिले, आणि फार रागावल्यामुळं मराठीत म्हणाले, "हे काय आहे? पोपट का भरलं वांगं?"

"पोपट आहे नायना."

"पोपट असा असतो? माझ्या बापानं लुगड्याच्या काठावर पोपट काढले, मी काढले, त्यांना चोच होती! आण इकडं ती लेखणी!"

झालं. आयुष्यभर चौकटीच्या कागदावर घर न् घर भरून काठाची नक्षी काढणारा माणूस तो. त्या टिचभर घरात त्यांनी असा पोपट बसवला की तो मान वळवून आता मिरची मागणार असं वाटलं. अप्पांनी नुसती पुढची पट्टी तातांच्या हाताशी सरकवली. समोरच्यानं जिंकू नये म्हणून ज्यानं पैज लावली तोच आता पोटापाण्याचा माग सोडून त्याच्यासाठी राबायला लागला, आणि हे त्याला कुणी सांगायचं? अम्मा पदर तोंडात कोंबून आत पळाली. चुलीपाशी बसून ती इतकी हसली की भाकरी करपली.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजूनही एकटीला हसू येतं आणि नाती विचारतात, आजी काय झालं. आमचं घर घर राहिलं नव्हतं, पाखरांचं पिसाटखानं झालं होतं. दोरीवर सुताच्या लडींशेजारी धुतलेल्या फिती वाळत घातलेल्या. बाभळीच्या डिंकात शाई घोटायची, तिचा वास सगळीकडं. ताता उंबऱ्यात उकिडवे बसून तासन्‌तास चिमण्यांकडं बघत. लुगडं न्यायला आलेले नव्या पेठेतले दुकानदार समोर उभे राहत आणि ताता त्यांना हातानं 'बाजूला व्हा' करत, चिमणी दिसत नाही म्हणून. कावळा उडी मारतो तेव्हा दोन्ही पाय एकदम उचलतो का पुढंमागं, यावर ताता आणि अप्पा भांडले. एकमेकांना कावळ्याच्या उड्या मारून दाखवल्या दोघांनी, धोतरं सावरत, भर अंगणात. मग अम्मा बाहेर आली, म्हणाली, "दोघंही चूक," आणि कमरेला पदर खोचून तिनं तिरकी, कुशीवर कललेली अशी उडी मारली की साक्षात कावळाच. कुंपणावरून बघणारी शेजारीण 'अगं बाई' म्हणून खालीच बसली.

"पुन्हा मार," ताता लेखणी हातात घेऊन म्हणाले. "सावकाश. पाय हवेत धर."

"हवेत कसा धरू मामा?" सासऱ्यांना अम्मा मामा म्हणायची.

"मग लच्चीला उचलून धर आणि तिला मारायला लाव!"

अशी मी कावळा झाले, चिमणी झाले, आणि कोंबडीही झाले. कोंबडी चालताना मान आधी जाते आणि पाय नंतर येतात, हे मी अंगणभर चालून शिकले, आणि ते अजून विसरले नाही. परवा चालून दाखवलं तर गुडघा धरून बसावं लागलं, ते वेगळं.

आता एक अडचण आली. कडं फिरवलं की पट्टी जिथं जोडली तिथं पक्षी गचका खायचा. पंख वर गेलेला असे आणि एकदम खाली. अप्पांनी डोकं धरलं. तातांनी मात्र क्षणभर बघितलं आणि हसले. म्हणाले, "एवढंच? अरे, नक्षी गेली तशी परत आणायची. काठावर वेल चढते, मग तशीच घर न् घर उतरते. नाही उतरली तर काठ तुटल्यासारखा दिसतो. गेलेली नक्षी परत आली पाहिजे." आणि त्यांनी पुढची घरं उलट्या क्रमानं काढली, शेवटचं आधी, पहिलं शेवटी. पट्टी जोडली. पंख वर गेला, तसाच अलगद खाली आला, पुन्हा वर. गचका नाही की काही नाही. चिमणी दाणा टिपायला वाकली, उठली, वाकली, उठली. अप्पांनी तातांच्या पाया पडायला वाकायचं आणि तातांनी त्यांना 'सरक' म्हणायचं, असा तो सोहळा झाला.

शेवटची पट्टी तातांच्या हट्टाची. त्यांना सुगरण पक्षी पाहिजे होता. तेलुगूत त्याला गिजिगाडू म्हणतात. "तो आपल्या जातीचा," ताता म्हणायचे. "हात नाहीत, धोटा नाही, आणि विणतो बघ कसा. त्याच्यावाचून पाठ कसला?" विणतो तो नर, हे सांगताना त्यांची छाती फुगायची. फांदीवर लोंबणारं गवत, मग गाठ, मग वळसा, मग घरट्याचा घुमट, असं एकेक घर ते भरत गेले. सवयीप्रमाणं नक्षी नेली आणि सवयीप्रमाणं परत आणली. काम संपलं ते डिप्टीसाहेब यायच्या दिवशी सकाळी. शाई कशीबशी वाळली, पट्टी जोडली, पेटीत टाकली आणि आम्ही निघालो. ती पट्टी एकदा फिरवून बघावी, हे घरातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

शाळेची खिडक्यादारं मुलींनी घरून आणलेल्या चादरींनी झाकली होती, त्यामुळं खोलीत श्रावणातही भट्टीसारखं उकडत होतं. भिंतीवर धुतलेलं धोतर ताणलेलं. मशीनमागं गॅसबत्ती सूं-सूं करत होती. ही फीत जात्याच आगीची, बत्तीपुढं थांबली की पेटायची, म्हणून शेजारी पाण्याची बादली आणि बादलीशेजारी तांब्या घेऊन ताता. डिप्टीसाहेब काळ्या कोटातले, उंच, वाळके. तपकिरीची चिमूट ओढून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हं."

चिमणी आली. सगळ्या वर्गानं 'चिमणी!' केलं. कावळ्यानं तिरकी उडी मारली तेव्हा माझ्याकडं बघून मुली खिदळल्या, मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ही माझी उडी आहे. पोपटानं मान वळवली. डिप्टीसाहेब दोनदा 'हं' म्हणाले आणि एकदा शिंकले. गोदूबाईंचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. अप्पांनी मला डोळा मारला. मग त्यांनी शेवटची पट्टी चढवली.

सुगरणीनं गवत आणलं. गाठ मारली. वळसा घेतला, घुमट झाला, घरटं लोंबू लागलं. साळ्यांच्या मुली होत्या निम्म्या वर्गात, त्यांनी 'वा वा' म्हणून टाळ्या वाजवल्या. आणि मग तो पक्षी त्या तयार घरट्यापाशी परत आला, आणि त्यानं ते उसवायला सुरुवात केली. घुमट गेला. वळसा सुटला. गाठ सुटली. गवत घेऊन पक्षी मागं मागं चालत फांदीवरून निघून गेला.

मग पहिल्या बाकावरून कुणीतरी किंचाळलं, "उसवलं! विणलेलं उसवलं!" आणि जो काही हलकल्लोळ झाला म्हणता! विणकराच्या घरात विणलेलं उसवणं म्हणजे पोटावर पाय. मुली उठून उभ्या राहिल्या. सगळं गेलं, मशीन गेलं, शाळा गेली, असं वाटलं आणि त्याच वेळी मला हसूही आवरेना, कारण तो पक्षी इतक्या डौलात मागं मागं चालत होता.

"हा काय प्रकार आहे?" डिप्टीसाहेब उठले. "थांबवा ते!"

"थांबलं तर पेटेल साहेब!" अप्पा ओरडले आणि दांडा फिरवतच राहिले. बत्तीपुढं झाकण सरकवायचं भान कुणाला होतं? सुगरण विणत होती आणि उसवत होती, विणत होती आणि उसवत होती. तातांनी कपाळावर तांब्या मारून घेतला. "परत आणली!" ते म्हणाले. "सवयीनं परत आणली की रे मी!"

"म्हणजे हे चुकीचं आहे," डिप्टीसाहेब म्हणाले. "मुलांना चुकीचं दाखवलंत."

"न्हाय साहेब!" रुक्मी बाकावर चढली होती. तिची माणसं मंगळवेढ्याकडून गिरणीत कामाला आलेली, घर गावाबाहेर मळ्यात. "बरुबर हाय त्ये! मादी येती, घरट्यात बसून बगती, न्हाय आवडलं तर नाक मुरडून जाती. मग ह्यो चिडतो आन समदं उपसून टाकतो. आमच्या हिरीवर म्या सोता बगितलंय!"

"खोटं!" दुसरी म्हणाली. "वाऱ्यानं पडतात ती घरटी. माझा भाऊ म्हणतो."

"तुझ्या भावाला काय कळतंय? आन शेजारच्याचं गवात चोरत्यात त्ये सांग की!"

"आधी सांग, मादीचं डोकं पिवळं असतं का?"

"न्हाय, गड्याचंच पिवळं!"

"माझ्या मामाकडं विहिरीवर..."

सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. घरट्याचं तोंड खाली का असतं, त्यात चिखल का लावतात, साप चढतो का नाही. जी कधी 'हजर बाई'च्या पलीकडं बोलली नाही, अशी मागच्या बाकावरची एक मुलगी हातवारे करून सांगत होती आणि तिचं कुणी ऐकत नाही म्हणून रडत होती. गोदूबाई टेबलावर छडी आपटत होत्या. डिप्टीसाहेब मध्येच म्हणाले, "एकेकीनं बोला," आणि मग रुक्मीकडं वळून, "कुठं आहे ती विहीर?"

"ही काय, शाळंच्या मागं दोन शेतं सोडून."

डिप्टीसाहेबांनी तपकिरीची डबी खिशात टाकली. "चला."

अशी ती मिरवणूक निघाली. पुढं रुक्मी, तिच्यामागं काळा कोट, मागं चिखल तुडवत सगळा वर्ग, चपला हातात घेतलेल्या गोदूबाई, आणि तांब्या हातातच राहिलेले ताता. अप्पा बत्ती विझवून धापा टाकत आले. विहिरीवर बाभळीची फांदी वाकलेली आणि तिला घरटीच घरटी. पिवळ्या डोक्याचे नर चिवचिवत विणत होते. आम्ही बांधावर ओळीनं बसलो. एक मादी आली, एका अर्ध्या घरट्यात डोकावली, आणि गेली. 'आता! आता!' असं सगळ्या कुजबुजल्या. नर फांदीवर बसून राहिला. आम्ही श्वास रोखला. डिप्टीसाहेबांनीही रोखला, मी बघत होते.

तेवढ्यात शेजारचा एक लबाड आला आणि त्याच घरट्यातली एक काडी ओढून घेऊन पळाला.

"ए चोरा!" ताता उठून ओरडले. "सूत टाक ते! दुसऱ्याच्या मागावरचं सूत नेतोस?"

"अहो आजोबा, गप्प बसा!" डिप्टीसाहेब त्यांचं धोतर धरून खाली ओढत म्हणाले. "उडून जाईल सगळं!"

ताता बसले. दोघं शेजारीशेजारी उकिडवे बसून बघत राहिले. त्या नरानं काही घरटं उपसलं नाही. त्यानं हिरवी पात आणली आणि पुन्हा विणायला घेतलं. "हरलीस रुक्मे!" म्हणून मुली ओरडल्या. रुक्मी कसली हरतेय? "आज न्हाय केलं, उद्या करंल की!" डिप्टीसाहेबांच्या पागोट्यावर एव्हाना पक्ष्यांनी आपला शेरा मारला होता, आणि ते सांगायची कुणाची छाती नव्हती.

उठताना ते अप्पांना म्हणाले, "मशीनवाले, सोमवारी मुलांच्या शाळेत या. पुढच्या शाळा बाईंकडं कळवतो."

अप्पांनी हात जोडले. "शेवटची पट्टी दुरुस्त करून आणतो साहेब."

"मुळीच नको. दुरुस्त केलीत तर पोरं भांडतील कशावरून?"

मी इतक्या जोरात ओरडले की फांदीवरचे सगळे पक्षी उडाले. रुक्मी आणि मी फुगडी धरली, चिखलात पडलो, उठून पुन्हा धरली. तातांनी अप्पांच्या पाठीत धपाटा घातला. "ऐकलंस? माझी नक्षी दुरुस्त करायची नाही! साहेबाचा हुकूम!" घराच्या वाटेवर ते प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबवून हे सांगत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मात्र ते मधेच उभे राहिले. "थांब," ते म्हणाले. "म्हणजे मी हरलो." त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांचं फार वाईट वाटलं, त्यांनी खरंच आयुष्यभर तेवढंच मागितलं होतं, की पोरगा शेजारच्या मागावर बसावा. अप्पांनाही वाटलं असावं. ते तातांच्या हातातला तांब्या घेऊन मुकाट्यानं चालू लागले. "आता त्या मागावर कोण बसणार?" ताता म्हणाले.

दारात आलो तर आतून माग वाजत होता.

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. मशीन अजून शाळेतच होतं. अम्मानं शेजारणीला हाताशी धरून दोरीवरच्या फिती, शाईच्या वाट्या, सगळा पसारा मागावरून काढला होता, आणि जुन्या अर्धवट ताण्यावर, खड्ड्यात पाय सोडून, ती स्वतः बसली होती. आमच्या घरात बायका मागावर बसत नसत. तिच्या माहेरी मुलगा नव्हता म्हणून बापानं तिला शिकवलं होतं, हे तिनं लग्नानंतर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि विचारलंही कुणी नव्हतं. ताता चपला न काढता तिच्या मागाशी गेले. वाकून त्यांनी विणलेल्या काठावरून अंगठा फिरवला, एकदा, मग परत उलटा. खोट शोधत होते ते, आणि ती त्यांना मिळेना, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "पण मग कांड्या कोण भरणार?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पाटी छातीशी घट्ट धरली.

अम्मानं धोटा मारला, परत मारला, आणि मान वर न करता म्हणाली, "तुम्ही आहात की मामा."

अप्पांनी तांब्या खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं, हसण्यानं त्यांचे खांदे हलत होते. तातांनी धोतर सावरलं आणि चरख्यापुढं मांडी घालून बसले. जन्मात पहिली कांडी भरली त्यांनी ती. अम्मानं ती दोन बोटांत दाबून बघितली आणि ढिली आहे म्हणून परत फेकली.